नवी प्रजाती सापडते म्हणजे नेमकं काय होतं, आणि नामशेष झालेला प्राणी परत कसा येतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. उपग्रह आहेत, ड्रोन आहेत, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तरी ‘नवी प्रजाती सापडली’ अशा बातम्या थांबत का नाहीत? ती प्रजाती नवी आहे हे ठरवतं कोण? नामशेष समजला गेलेला प्राणी शंभर वर्षांनी परत दिसतो तेव्हा आधीच्या लोकांनी घाई केलेली असते का? आणि शेवटचा उपप्रश्न, साध्या माणसाला नवा प्राणी सापडू शकतो का?

मी वर्गीकरणाच्या कामात आहे आणि माझा बहुतेक वेळ बेडूक आणि बेडकांच्या बाटल्या यांच्यात जातो. त्यामुळे उदाहरणांचा कल थोडा तिकडे झुकेल, तेवढं सांभाळून घ्या.

आधी आवाका बघू. शास्त्रीय नाव मिळालेल्या सजीवांच्या प्रजाती आजघडीला २० लाखांच्या आसपास आहेत. २०११ साली आलेल्या एका गाजलेल्या अभ्यासात एकूण आकडा ८७ लाख मांडला होता, त्यातले ७७ लाखांहून जास्त प्राणी. या अंदाजावर वाद आहेत आणि काहींचे आकडे याच्या कितीतरी वर-खाली जातात, पण बरंच काम शिल्लक आहे यावर कुणाचं दुमत नाही. दरवर्षी हजारो नवी नावं प्रसिद्ध होतात. त्यात सिंहाचा वाटा कीटक, कोळी, कृमी आणि शंख-शिंपल्यांचा. त्यांची बातमी होत नाही. बातमी होते माकडाची किंवा देवमाशाची, म्हणून नवी प्रजाती सापडणं म्हणजे क्वचित घडणारी गोष्ट असा समज होतो. कीटकांच्या माणसाला विचारा, तो सांगेल की नवं सापडणं सोपं आहे, त्याचं वर्णन लिहून पुरं करायला आयुष्य अपुरं पडतं.

आता मुख्य मुद्दा. नवी प्रजाती ‘सापडते’ ती बहुतेक वेळा जंगलात नाही, संग्रहालयाच्या कपाटात. २०१२ साली काही संशोधकांनी हिशोब मांडला होता, की नमुना पहिल्यांदा गोळा झाल्यापासून त्याचं नवी प्रजाती म्हणून वर्णन होईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात. एवढी वर्षं तो नमुना बाटलीत किंवा खणात पडून असतो. कधी चुकीच्या नावाखाली, कधी नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह.

ऑलिंग्विटोचं प्रकरण याबाबतीत नमुनेदार आहे. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, ढगांनी वेढलेल्या जंगलात राहणारा हा रॅकूनच्या कुळातला किलोभराचा प्राणी. क्रिस्टोफर हेल्गन त्याच्या नातेवाइकांचा अभ्यास करत संग्रहालयांमधली कातडी आणि कवट्या तपासत होते. शिकागोच्या फील्ड म्युझियमच्या एका खणात त्यांना लालसर तपकिरी, दाट केसांची कातडी दिसली. कवटी लहान आणि दातांची ठेवणही वेगळी. मग जुन्या लेबलांवरची ठिकाणं आणि उंची बघून कुठे जायचं ते ठरलं, आणि इक्वेडोरला गेल्यावर पहिल्याच रात्री झाडावर जिवंत प्राणी दिसला. २०१३ मध्ये नाव प्रसिद्ध झालं. गंमत पुढे आहे. १९६० च्या दशकात याच प्रजातीची एक मादी अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत ठेवलेली होती. तिला पिल्लं व्हावीत म्हणून तिला एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवत होते आणि ती काही केल्या नराला जवळ येऊ देत नव्हती. देणार तरी कशी, समोर ठेवलेले नर दुसऱ्याच प्रजातीचे होते! हजारो लोकांनी तिला पाहिलं असेल. पाहणं आणि ओळखणं यात एवढं अंतर पडतं.

ओळखायचं कसं, हे एका बेडकाच्या उदाहरणाने सांगतो. रात्री ओढ्याकाठी एक नर बेडूक ओरडताना सापडला आणि ओळखीच्या कुठल्याच प्रजातीत बसेना, तर त्याला हात लावण्याआधी त्याचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा. सोबत हवेचं तापमान लिहायचं, कारण गारठ्यात त्याच बेडकाचं ओरडणं संथ होतं. मग फोटो. वरून, पोटाकडून, मांडीच्या आतल्या बाजूचा रंग दिसेल असा, आणि डोळ्याच्या बुबुळाचा. हे फोटो तेव्हाच काढावे लागतात, कारण अल्कोहोलमध्ये गेल्यावर रंग उडतात आणि पंधरवड्याने हातात राखाडी-तपकिरी गोळा उरतो. त्यानंतर, परवानगी असेल तर, बेडकाला भूल देऊन मारतात आणि ऊतीचा लहानसा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवतात. हा क्रम उलटा चालत नाही. आधी फॉर्मॅलिन लावलं की डीएनएचं काम पुढे फार जिकिरीचं होतं. मग शरीर फॉर्मॅलिनमध्ये ताठ करून शेवटी ७० टक्के अल्कोहोलमध्ये. लेबल पेन्सिलीने लिहायचं, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. लेबल गेलं की तो नमुना निरुपयोगी, मग बाटलीत बेडूक असला काय आणि नसला काय.

पुढचं काम टेबलावरचं. नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी, डोक्याची रुंदी, कानाच्या पडद्याचा व्यास, मागच्या बोटांमध्ये पडदा कुठल्या सांध्यापर्यंत आला आहे, बोटांच्या टोकाला चकती आहे का, तिच्या कडेला खाच आहे का. हे सगळं एका बेडकावर नाही, जमतील तेवढ्यांवर, कारण एकाच प्रजातीतही माणसामाणसांसारखा फरक असतोच. मग डीएनएचा ठरावीक तुकडा वाचून तो ज्ञात प्रजातींशी ताडायचा. लोकांना वाटतं इथे निकाल लागतो. तसं नाही. अमुक टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती असा कायदा नाही. कुठे दोन टक्क्यांत दोन चांगल्या वेगळ्या प्रजाती असतात, कुठे पाच टक्के फरक असूनही मधली सगळी रूपं भेटत जातात. बेडकांत मी आवाजाला जास्त वजन देतो. माद्या नराला आवाजावरून निवडतात, त्यामुळे आवाज वेगळा असेल तर संकर होण्याची शक्यता मुळातच कमी.

आणि मग येतं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात निर्णायक काम: जुनी नावं. प्राण्यांच्या नावांची सुरुवात १७५८ पासून धरतात आणि नियम असा, की आधी दिलेलं वैध नाव टिकतं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी कुणी चार ओळींचं वर्णन लिहून याच बेडकाला नाव दिलं असेल, तर माझं नाव बाद. त्यासाठी त्या जुन्या नावांचे मूळ नमुने, म्हणजे होलोटाईप, बघावे लागतात आणि ते कुठल्या तरी दुसऱ्या खंडातल्या संग्रहालयात असतात. २१ वर्षं कुठे जातात ते आता लक्षात आलं असेल.

‘ठरवतं कोण’ याचं उत्तर ऐकून लोक चक्रावतात. कुणीच नाही. आंतरराष्ट्रीय नामकरण संहिता आहे, पण ती फक्त नावाचे नियम सांगते: नाव प्रसिद्ध कसं करायचं, होलोटाईप नेमायचा, तो कुठे आहे ते लिहायचं, वगैरे. प्रजाती खरोखर वेगळी आहे की नाही, यावर शिक्का मारणारी समिती नसते. निबंध छापून आला की नाव अस्तित्वात आलं. पुढे इतर अभ्यासकांनी ते वापरलं तर टिकलं, कुणी खोडून काढलं तर जुन्या नावात विलीन झालं. याचा गैरफायदा घेणारेही आहेत. स्वतःच्याच नियतकालिकात, पुराव्याविना, डझनांनी नावं छापून मोकळे होतात आणि बाकीच्यांना ती निस्तरत बसावी लागतात. नाव काय द्यावं यालाही फारशी आडकाठी नाही. २००५ मध्ये बोलिव्हियातल्या एका टिटी माकडाच्या नावाचा चक्क लिलाव झाला, एका ऑनलाइन कॅसिनोने साडेसहा लाख डॉलर मोजले आणि माकडाला कॅसिनोचं नाव लागलं. पैसे त्याच्या जंगलाच्या रक्षणाला गेले, म्हणून मी नाक मुरडत नाही.

नमुना मारावाच लागतो का, हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक गटांत अजूनही हो. पण २००६ मध्ये रमणा अत्रेय यांनी अरुणाचल प्रदेशातल्या बुगुन लिओसिक्ला या पक्ष्याचं वर्णन केलं ते जाळ्यात आलेल्या पक्ष्याची काही पिसं, फोटो आणि आवाज यांच्या जोरावर, आणि पक्षी सोडून दिला. इतके मोजके पक्षी दिसलेले असताना एक मारणं त्यांना पटलं नाही. पक्ष्यांत हे जमून जातं. मिलिमीटरभराच्या किड्याचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय प्रजात कळतच नसेल, तर तिथे पिसांचा मार्ग कुठून आणणार?

‘नवा’ कुणासाठी, हेही बोलायला हवं. १९९२ मध्ये व्हिएतनाममधल्या वू क्वांग भागात सर्वेक्षणाला गेलेल्या लोकांना शिकाऱ्यांच्या घरात लांब, सरळ, जोडीने वाढलेली शिंगं टांगलेली दिसली. पुढच्या वर्षी सावला या नावाने ओळखला जाणारा हा गायीच्या कुळातला मोठा प्राणी विज्ञानात दाखल झाला. शिकाऱ्यांना तो आधीपासून माहीत होता. लाओसमध्ये १९९६ साली बाजारात खाण्यासाठी मांडलेला एक विचित्र, झुपकेदार शेपटीचा उंदीर दिसला. २००५ मध्ये त्याला नाव मिळालं आणि एक वेगळं कुळही. २००६ मध्ये जीवाश्म बघणाऱ्यांनी दाखवून दिलं, की हे कुळ नवं नसून १.१ कोटी वर्षांपूर्वी संपलं असं समजलं गेलेलं जुनंच आहे. सह्याद्रीतला जांभळा बेडूक २००३ मध्ये एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसुइट यांनी जगापुढे आणला. तो वर्षभर जमिनीखाली राहतो, पावसाच्या तोंडावर विणीपुरता थोडे दिवस वर येतो. त्याचे भैरोळे, म्हणजे पाण्यातली शेपटीवाली पिल्लं, १९१८ च्या सुमारासच वैज्ञानिक साहित्यात नोंदले गेले होते, फक्त ते कुणाचे हे कळलं नव्हतं. त्या त्या गावातल्या माणसाला आधी विचारा, हा आमच्या कामातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे.

आता पुन्हा सापडणाऱ्या प्राण्यांकडे. इथे एक गोष्ट बाजूला ठेवू: सीलाकँथ. डिसेंबर १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मच्छीमारांच्या जाळ्यात आलेला हा मासा मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांनी ओळखून राखला, आणि डायनोसॉरांबरोबर संपला असं मानलेलं एक घराणं जिवंत निघालं. पण तो कधी ‘हरवला’ नव्हता. जीवाश्मांच्या नोंदीत मोठी पोकळी होती, इतकंच. कालपरवापर्यंत माहीत असलेला प्राणी दिसेनासा होणं ही वेगळी गोष्ट, आणि तिची कारणंही फार वेगळी असतात. माझ्या मते प्राणी परत सापडतो तेव्हा प्राण्याबद्दल जेवढं कळतं, त्याहून जास्त आपल्या शोधण्याबद्दल कळतं.

रानपिंगळा बघा. १८७३ मध्ये नाव मिळालं, जगभरात अवघे सात नमुने, आणि १८८४ नंतर खरा पुरावा नाही. मात्र एक नोंद १९१४ ची होती: रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित ब्रिटिश संग्राहकाने गुजरातेतल्या मांडवीजवळून आणलेला नमुना. शोधणारे ही नोंद धरून चालले आणि रिकाम्या हाताने परतले. १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन यांनी हा नमुना हातात घेऊन, आतलं भरण आणि शिवण तपासून, एक्स-रे काढून दाखवलं, की तो खानदेशात जेम्स डेव्हिडसनने १८८० च्या दशकात मिळवलेल्या पिंगळ्यांपैकी एक आहे. लंडनच्या संग्रहातून चोरलेला, पुन्हा शिवून नवं लेबल लावलेला. ही खोटी नोंद बाजूला काढल्यावर नकाशावर खरी ठिकाणं उरली. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला हा पिंगळा सकाळच्या उजेडात, उघड्या फांदीवर बसलेला दिसला. ११३ वर्षांची ही अनुपस्थिती बऱ्याच अंशी एका लेबलाने घडवलेली होती.

लेबलाचाच दुसरा किस्सा बोर्निओतला. काळ्या भुवईचा बॅबलर हा पक्षी १८४० च्या दशकातल्या एकाच नमुन्यावरून माहीत होता, आणि त्यावर बराच काळ ठिकाण जावा असं होतं. २०२० मध्ये कालिमांतानमधल्या दोन स्थानिक माणसांना अनोळखी पक्षी हाती लागला, त्यांनी फोटो काढून तो सोडून दिला आणि फोटो पक्षीनिरीक्षकांना पाठवले. १७० हून अधिक वर्षांनी पक्षी परत आला. त्याचे डोळे गडद लाल निघाले. पुस्तकांतल्या चित्रांत ते पिवळे होते, कारण पेंढा भरणाऱ्याने नमुन्याला पिवळे काचेचे डोळे बसवले होते!

कधी पद्धत चुकते. न्यू गिनीतला अ‍ॅटनबरो लांबचोच्या एकिडना, म्हणजे अंडी घालणारा काटेरी सस्तन प्राणी, १९६१ च्या एकाच नमुन्यावरून माहीत होता. निशाचर, लाजाळू, सायक्लॉप्स पर्वताच्या चिखलाच्या उतारांवर राहणारा. तो चोच खुपसून किडे शोधतो तेव्हा जमिनीत पडणारी भोकं आधीच्या लोकांना दिसली होती, प्राणी नाही. २०२३ च्या मोहिमेत ८० हून अधिक कॅमेरा ट्रॅप, म्हणजे हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावले, आणि चित्र मिळालं ते शेवटच्या दिवशी, शेवटच्या मेमरी कार्डवर. दक्षिण आफ्रिकेतला डी विंटनचा सोनेरी चिचुंदर वाळूत पोहल्यासारखा फिरतो, मागे बीळ उरत नाही, १९३० च्या दशकानंतर पत्ता नव्हता. त्याच्यासाठी वास घेणारी कुत्री नेली आणि वाळूचे नमुने गोळा केले. प्राण्याच्या केसांतून, त्वचेतून गळणारा डीएनए वाळूत उरतो, तो वाचला. पण हा डीएनए कुणाचा, हे पक्कं झालं ते संग्रहालयातल्या जुन्या नमुन्याचा डीएनए जुळवायला मिळाल्यावरच. फिरून पुन्हा कपाटाशी.

तर नामशेष जाहीर करणारे घाई करतात का? आययूसीएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ, याचा निकष कडक आहे: शेवटचा जीव मेला याबद्दल वाजवी शंका उरता कामा नये, आणि त्यासाठी योग्य अधिवासात, योग्य ऋतूत, योग्य वेळी पुरेसा शोध झालेला असावा. पूर्वी पन्नास वर्षं न दिसणं हे माप धरलं जाई, ते आता सोडलं आहे. लवकर जाहीर केलं तर पैसे आणि संरक्षण दोन्ही आटतात, आणि जिवंत असलेला प्राणी त्यामुळेच मरू शकतो. उशीर केला तर भुताच्या मागे खर्च होत राहतो. मला विचाराल तर उशीर बरा. लॉर्ड हाऊ बेटावरचा काडीकिडा १९१८ मध्ये जहाजातून आलेल्या उंदरांनी संपवला असं सगळे धरून होते. २००१ मध्ये तो बेटापासून २३ किलोमीटरवरच्या बॉल्स पिरॅमिड या समुद्रातून वर आलेल्या सुळक्यावर, काही झुडपांच्या आधाराने, अवघ्या दोन डझनांच्या संख्येत सापडला. आज तो टिकून आहे तो मुख्यतः प्राणिसंग्रहालयांतल्या पैदाशीमुळे.

खोट्या आशेचा भागही मोठा आहे. टास्मानियन वाघाचा शेवटचा प्राणी सप्टेंबर १९३६ मध्ये होबार्टला मेला. २०२१ मध्ये एका गटाने त्याचं अख्खं कुटुंब कॅमेऱ्यात आल्याचा दावा केला, संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी फोटो पाहून ते पॅडेमेलन, म्हणजे कांगारूच्या जातीतला छोटा प्राणी असल्याचं सांगितलं. हस्तिदंती चोचीच्या सुतारपक्ष्यावर तर २००५ पासून एका अंधुक व्हिडिओवरून वाद चालू आहे. अंधुक चित्रात माणसाला जे हवं ते दिसतं.

आणि परत सापडणं म्हणजे वाचणं असं समजू नका. सावलाचं रानातलं शेवटचं छायाचित्र २०१३ चं आहे. वॉलेसची महाकाय मधमाशी २०१९ मध्ये इंडोनेशियात जिवंत टिपली गेली, पण त्याच्या आदल्याच वर्षी तिचा नमुना इंटरनेटवर हजारो डॉलरला विकला गेला होता. १९९९ मध्ये चीनमधल्या एका सुंदर पालीचं वर्णन ठिकाणासकट छापलं आणि ती पाळीव प्राण्यांच्या बाजारात उचलून नेली गेली. इंडोनेशियाच्या रोटी बेटावरच्या सापमान्या कासवाचंही १९९४ नंतर तेच झालं. म्हणून आता अनेक जण निबंधात नेमकं ठिकाण छापत नाहीत, नमुन्याच्या नोंदीत ठेवतात आणि मागणाऱ्याची खातरजमा करून देतात.

राहिला उपप्रश्न. हो, साध्या माणसाला सापडतो, बोर्निओचे ते दोघे आठवा. तुम्हाला काही वेगळं दिसलं तर त्याला पकडू नका, बऱ्याच ठिकाणी तो गुन्हा ठरतो. फोटो अनेक बाजूंनी काढा, शेजारी मोजपट्टी किंवा माप माहीत असलेली वस्तू ठेवून. तारीख, वेळ, झाड की जमीन की पाणी, काय करत होता, हे लगेच लिहा, रात्री घरी जाऊन नको. ओरडत असेल तर फोनवर आवाज घ्या. तो त्या भागातल्या माहितीच्या प्रजातींपैकी नाही ना, हे आधी तपासा, कारण शंभरातल्या जवळजवळ शंभर वेळा तो तिथलाच, फक्त पिल्लू, मादी किंवा कात टाकलेला निघतो. मग त्या गटाच्या अभ्यासकाला लिहा. दोन महिने उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहा, आम्ही पत्रं साठवण्यात पटाईत असतो. आणि समाजमाध्यमावर टाकायचंच असेल तर फोटोतली जागेची माहिती आधी काढून टाका.